नावाड्याचं फाटकं मुंडासं

विठोजीराव दूध घेताना आधी भिंतीकडं बघायचे. भिंतीवर दुधाचा एक थेंब सोडायचा, तो खाली कसा ओघळतो ते बघायचं, आणि मग दूधवाल्याकडं असं बघायचं की त्या बापड्याला आपण पाणी घातलं नसलं तरी घातल्यासारखं वाटावं. नारळ कानाशी हलवून झाला की बायकोला हलवायला देत. बायको भाग्यलक्ष्मी. तिनं हलवला की मला. आमचं विड्याचं दुकान मल्लेश्वरमात, एका थिएटरच्या बरोबर समोर होतं, त्यामुळं असले नारळ मी पुष्कळ हलवले आहेत. रिक्षात बसले की त्यांची नजर मीटरवरून हलायची नाही. भाग्यलक्ष्मी म्हणायच्या, "जन्म बंगळुरात गेला यांचा, पण बघितलंय काय विचारा. मीटर."

पण माणूस वाईट नव्हता हो. शहाजीराजांच्या मागून इकडं आलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि रागावले की दोन्ही. उंच, बारीक, मिशी राखलेली. त्या समोरच्या थिएटरात ते दारावर होते. तिकीट फाडायचं, हातातल्या बॅटरीनं जागा दाखवायची आणि खेळ सुरू झाला की दाराच्या पडद्याआड उभं राहायचं. ही नोकरी त्यांना मिळवून दिली होती त्यांच्या मेहुण्यानं, म्हणजे धाकटी बहीण नीला हिच्या नवऱ्यानं. रघुपती त्याचं नाव. तो वर केबिनमध्ये मशीन चालवायचा. विठोजीरावांची गिरणी बंद पडली तेव्हा रघुपतीनंच मॅनेजरकडं शब्द टाकला होता.

आता ज्या माणसानं आपल्याला नोकरी दिली त्याच्यावर आपण संशय घ्यावा का? विठोजीरावांनी तीनदा घेतला. तेच सांगतो.

पहिला संशय लग्नाआधीचा, नोकरीच्याही आधीचा. नीलाला रघुपतीचं स्थळ आलं, तेव्हा विठोजीराव काही दिवस नुसते त्याच्या मागावर होते. एके दिवशी माझ्या दुकानापाशी येऊन म्हणाले, "यजमान (इकडं दुकानदाराला असंच म्हणतात), पोरगा पितो." मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे डोळे लाल, अंगाला जळका वास, आणि जिना उतरताना कठडा धरतो. अहो, त्या वेळी मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या. त्या उजेडाकडं दिवसभर बघितलं तर तुमचे-माझेही डोळे लाल होतील. पण यांनी जमत आलेलं लग्न लांबवलं. नीलानं रडून रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी वरमायच पोराला घेऊन यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हुंगा." तेव्हा कुठं लग्न झालं आणि नीला बंगळुराजवळच्या आनेकलला नांदायला गेली.

दुसरा संशय तांब्याच्या हंड्याचा. आई गेल्यावर तिचा हंडा सापडेना. विठोजीरावांच्या मनानं घेतलं की दाजींनी, म्हणजे रघुपतीनं, तो विकला. सरळ विचारलं नाही, बोलणंच बंद केलं. दोघं एकाच थिएटरात, एक वर, एक खाली, आणि निरोप माझ्या दुकानातून. "त्यांना सांगा, आवाज कमी येतोय." "त्यांना सांगा, दार उघडं राहतंय, पडद्यावर ऊन येतंय." माझी सुपारी कातरायची राहून जायची. पुढं हंडा कल्हईवाल्याकडं निघाला, आईनंच दिलेला. पण तोवर भावा-बहिणीत काहीतरी तुटलं होतं. हंडा मिळाल्यावरही विठोजीराव आनेकलला गेले नाहीत. लाज वाटली असेल, पण ते म्हणायचे वेळ मिळत नाही.

आणि मग नव्वद साली तो पिक्चर आला. नाव काहीतरी लांबलचक होतं. लोक त्याला नावाड्याचा पिक्चर म्हणायचे. कावेरीकाठचा एक गरीब नावाडी, त्याला एकच बहीण. तिचं लग्न पलीकडच्या गावात. नवरीला तो आपल्या टोपलीसारख्या गोल नावेतून पलीकडं सोडायला निघतो. नावेच्या तळाला पाणी झिरपतंय. तो डोक्यावरचं मुंडासं काढतो, फाटकंच ते, भोकं पडलेली. घडी करतो आणि बहिणीच्या पायाखाली ठेवतो, तिच्या पायाची हळद भिजू नये म्हणून. कुणी काही बोलत नाही. गाणं नाही, बाजा नाही. वल्ह्याचा आवाज तेवढा. तिला उतरवतो, मुंडासं पिळतो, ओलंच डोक्याला गुंडाळतो आणि परत फिरतो. परतताना पुराचं पाणी येतं. संपलं.

दारावरच्या माणसाला पिक्चर दिसत नाही, ऐकू येतो. विठोजीराव पिक्चरची किंमत बायकांच्या बाजूच्या हुंदक्यांवर करायचे. मला म्हणाले, "यजमान, त्या मुंडाशाच्या वेळी शेंगा फोडायचा आवाज थांबतो. मग नाकं ओढल्याचा येतो. आधी मागच्या रांगेतून, मग पुढून." त्या वेळी ते दार घट्ट लावून घ्यायचे, उशिरा आलेल्याला आत सोडायचे नाहीत. एकदा त्यांच्या हातातली बॅटरी सुरूच राहिली, उजेड खाली लोकांच्या पायांवर नाचत होता, आणि लोक ओरडले. तेव्हा कळलं की दारावरचा माणूसही रडतोय.

त्याच आठवड्यात ते आनेकलच्या बसमध्ये चढले, मोगऱ्याचा गजरा आणि मैसूरपाक घेऊन. बहिणीच्या दारात उभं राहून काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्या वर्षापासून गौरीच्या सणाला बहिणीचं बागिन ते स्वतः घेऊन जायला लागले. आपल्याकडं इथं गौरी हब्बाला भावाकडून बहिणीला बागिन जातं, एका सुपात तांदूळ, डाळ, गूळ, नारळ, बांगड्या, फणी, खण, विड्याची पानं, केळी भरायची आणि वर दुसरं सूप पालथं घालून झाकायचं. बहिणीनं ते पदर लावून घ्यायचं. विठोजीराव बसमध्ये ते मांडीवर धरून बसायचे, आणि शेजारचा माणूस पानं काढेल की काय म्हणून सूप दोन्ही हातांनी दाबून धरायचे.

पिक्चर इतका चालला की निर्मात्यानं त्र्याण्णव साली दुसरा भाग काढला. नावाडी जिवंत परत आला. विठोजीरावांना आनंद झाला, पण म्हणाले, "पुरात गेलेला माणूस त्याच मिशीनं परत येतो? कुणीतरी भामटा असणार. शेवटी कळेल." शेवटी काही कळलं नाही, तोच नावाडी होता. बायका रडल्या. भाऊ भेटला म्हणून रडल्या. ते रडणंही बरं होतं.

तिसरा भाग शहाण्णव साली, गौरीच्या आधी लागला. फिल्मच्या पेट्या आल्या, रघुपतीनं कापूर लावला, नारळ फोडला. दुपारचा खेळ बायकांनी भरला. नावाडी आता धरणाच्या भिंतीवरून पाण्यात पडणार होता, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. विठोजीरावांनी नेहमीसारखं दार लावून घेतलं आणि कान दिला.

शेंगा फुटतच राहिल्या.

मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "येतो गं वर. मागच्या वेळी नाही का आला." आणि शेजारीण म्हणाली, "मग तोवर कॉफी घेऊन येते स्वल्प." आणि तिनं विठोजीरावांना दार उघडायला लावलं.

संध्याकाळी ते माझ्या दुकानाच्या फळीला टेकून उभे राहिले. चुन्याचा डबा नुसता उघडत होते, मिटत होते.

"यजमान, कापलंय."

"काय कापलंय?"

"रडणं."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा हसायचा नव्हता. त्यांचं म्हणणं असं: पहिल्यात रडणं होतं, दुसऱ्यात होतं, तिसऱ्यात नाही. निर्माता तोच, नट तोच, नदी तीच. मग गेलं कुठं? वाटेत कुणीतरी काढलं. आणि फिल्मला हात लावणारा माणूस एकच, वर केबिनमध्ये. आता हे अगदीच हवेत नव्हतं. खेळ लवकर आटपावा म्हणून काही ऑपरेटर एखादं गाणं, एखादा प्रसंग कापून ठेवायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि रघुपतीला शेवटची आनेकल बस पकडायची असायची.

"दाजी असं करणार नाहीत," मी म्हटलं.

"दाजी कशाला करतील," ते म्हणाले, "बस करवते."

मी म्हटलं, आधी विचारा तरी. म्हणाले, विचारतो. पण विचारलं कुणाला, तर मॅनेजरला. आणि इथं खरी गोम आहे. पिक्चर पडत होता, खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या होत्या. वितरकाचा माणूस नंदकिशोर रोज फोन करून मॅनेजरचं डोकं खात होता. मॅनेजरला सांगायला कारण हवंच होतं. विठोजीरावांनी नुसती शंका दिली, त्यानं ती बातमी करून फोनवर पुढं दिली. नंदकिशोर म्हणाला, सण झाला की येतो. कापाकापी निघाली तर ऑपरेटर घरी जाईल, आणि पिक्चर त्याच्यामुळं पडला असं मी निर्मात्याला कळवीन.

हे विठोजीरावांनी घरी सांगितलं नाही. गौरीच्या दिवशी सूप घेऊन, भाग्यलक्ष्मीला घेऊन बसमध्ये चढले. मीही गावी निघालो होतो, आमचं गाव आनेकलच्या पुढं. नीलाअक्कानं वाटेत कॉफीला थांबा म्हटलं होतं, म्हणून मीही तिच्या घरी उतरलो. त्यामुळं पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय.

गौर बसली होती. नीला आत पुरणाचं बघत होती, रघुपती आंघोळीला गेलेला. विठोजीरावांनी बागिन ओसरीवर ठेवलं आणि म्हणाले, "बांगड्या मापाच्या आल्यात का बघू दे, तुझ्या जुन्यांशी लावून बघतो." आणि नीलानं परवानगी द्यायच्या आत देवाजवळची बांगड्यांची पेटी उघडली. मला तेव्हाच वाटलं, हा माणूस बांगड्या बघत नाहीये.

पेटीत बांगड्यांखाली फिल्मचा तुकडा होता. हातभर असेल. त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला. एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या. नावाडी, नाव, मुंडासं. चेहरा असा उजळला की जणू हरवलेली म्हैस सापडली.

रघुपती खांद्यावर पंचा टाकून बाहेर आला.

"दाजी, हे काय?"

"फिल्म."

"ते मलाही दिसतं. कशाची?"

"नावाड्याच्या पिक्चरची."

"कापलेली."

"कापल्याशिवाय तुकडा होईल कसा, अण्णा?" रघुपती हसला. मग विठोजीरावांचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं.

"मी मॅनेजरला सांगितलं तेच खरं निघालं," विठोजीराव म्हणाले.

आतून नीला आली, हाताला पुरण. "काय सांगितलंस?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज मोठा होता, संपताना बारीक झाला. रघुपती पायरीवर बसला. भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही बसमध्ये का नाही बोललात? मी उतरले असते."

नीलानं हात पुसले, तो तुकडा भावाच्या हातातून घेतला आणि वहिनीकडं दिला. "वहिनी, तुम्ही तिसरा भाग बघितलाय. यातलं मुंडासं बघा."

भाग्यलक्ष्मींनी उजेडात धरलं. "फाटकं आहे. भोकातून बोट दिसतंय त्याचं."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात कुठलं फाटकं? हातभर जरीकाठ आहे त्याला. आता बहीण श्रीमंत झाली ना." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "हा पहिल्या पिक्चरचा तुकडा आहे हो."

पहिला पिक्चर इतका चालला होता की त्या जागी फिल्म झिजून तुटली. जोडायची तर फाटलेली टोकं छाटावी लागतात. ते छाटण टाकायच्याऐवजी रघुपतीनं घरी आणलं होतं. "हिनं मागितलं म्हणून," तो म्हणाला, "तुम्ही तो पिक्चर बघून इथं आलात ना, अण्णा, तेव्हाचं."

विठोजीराव खांबाला धरून उभे. मला वाटलं आता नीला रडणार, भांडणार. तिनं काहीच केलं नाही. अगदी साध्या आवाजात बोलली, मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं.

"अण्णा, लग्नाआधी तू यांच्यावर संशय घेतलास तेव्हा मी चार दिवस जेवले नव्हते. हंड्याच्या वेळी राग आला, भांडी आपटली. आज बघ, मला काहीच होत नाही. मला आधीच माहीत होतं तू येशील, शोधशील, चुकशील, आणि मग मैसूरपाक आणशील."

ओसरीवरचं सूप तसंच होतं. विठोजीरावांनी ते उचलून पुढं केलं. तिनं पदर पुढं केला नाही.

"ठेव तिथंच. सणाचं माघारी पाठवत नाही. पण उघडणारही नाही."

गावी जायचं सोडून मीही त्यांच्याबरोबर मागं फिरलो. बसमध्ये परतताना त्यांचे हात मांडीवर रिकामे होते. कंडक्टरनं सुटे पैसे दिले ते मोजलेसुद्धा नाहीत, तसेच खिशात टाकले. भाग्यलक्ष्मींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारच्या खेळाचं तिकीट काढलं. स्वतःच्या थिएटरात, स्वतःच्या पैशांनी. दारावर दुसऱ्याला उभं केलं आणि भाग्यलक्ष्मींशेजारी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसले. खेळ संपल्यावर केबिनच्या जिन्याखाली उभे राहिले. वर जायची हिंमत होईना. रघुपतीच खाली आला आणि भाग्यलक्ष्मींसकट तिघं माझ्या दुकानाशी आली.

"सगळं आहे," विठोजीराव म्हणाले. "मुंडासं आहे, नाव आहे, बहीण आहे. उलट जास्तच आहे. तीच जागा आली आणि बहीण गायला लागली. मग म्हणते, अण्णा, तुझं मुंडासं म्हणजे माझं माहेर. पहिल्यात ती एक अक्षर बोलली नव्हती."

"पहिल्या वेळी त्यांना ठाऊक नव्हतं तुम्ही कुठं रडाल ते," रघुपती म्हणाला. "आता ठाऊक आहे. तिथंच नेऊन बसवतात."

"आणि तो मरतच नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. "मेलेला एकदा परत आला की पुन्हा कोण रडणार त्याच्यासाठी? मी तर त्याचे बूट बघत होते. नावाड्याला बूट."

विठोजीरावांनी पान तोंडात घातलं आणि बराच वेळ चावलंच नाही. मग म्हणाले, "दाजी, उद्या तो नंदकिशोर येणार आहे. मी बोलतो."

"बोला," रघुपती म्हणाला. "नाही बोललात तरी मी काय करणार."

नंदकिशोर आला तो पांढऱ्या बुटांत, मॅनेजरशी आधीच बोलून. केबिनमध्ये न जाता ऑफिसातच म्हणाला, की ऑपरेटरनं मेहनतीच्या पिक्चरची वाट लावली. विठोजीराव दारात गेले. मी चहा घेऊन गेलो होतो, सहजच.

"सर, मी सांगितलं ते चूक होतं. काल बसून बघितला. कापलेलं काही नाही."

मॅनेजर म्हणाला, "सणाआधी तर तुम्हीच छातीठोक सांगत होता."

"तेव्हा मी बघितला नव्हता. संशय आला होता."

"म्हणजे मेहुण्याला वाचवताय," नंदकिशोर म्हणाला.

आता बघा, ज्या माणसानं सगळ्या जगावर संशय घेतला, त्याच्यावर कुणी संशय घेतला तर काय होतं. विठोजीरावांचे कान लाल झाले. पण आवाज चढवला नाही. "फिल्म टेबलावर घ्या. उलटी गुंडाळा. जोड सापडला तर मलाही त्याच्याबरोबर काढा."

रघुपतीनं वर एकेक रीळ फिरवलं, नंदकिशोर बोटांमधून फिल्म सोडत होता. संध्याकाळ झाली. जोड सापडला नाही. नंदकिशोर घाम पुसत म्हणाला, "मग लोक रडत का नाहीत?"

"चौथा काढणार आहात का?" विठोजीरावांनी विचारलं.

"बोलणी चाललीयेत."

"मग त्यात त्याला मरू द्या, सर. आणि मुंडाशाचा जरीकाठ काढा."

नंदकिशोर हसला, निघून गेला. पटलं-बिटलं काही नाही त्याला. रघुपतीची नोकरी राहिली. मॅनेजरला मात्र कुणावर तरी राग काढायचा होता, त्यानं विठोजीरावांना दारावरून काढून सायकल स्टँडवर बसवलं. तिथं ते दर सायकलवाल्याला विचारायचे, "ही तुमचीच ना?" पण ते पुढचं.

त्या आठवड्यातच ते पुन्हा आनेकलला गेले. मला बरोबर चला म्हणाले. मैसूरपाक घेतला नाही, मी लक्षात ठेवून बघितलं. गजराही नाही. ओसरीवर सूप तिथंच होतं, वरचं पालथं तसंच, दोऱ्यानं बांधलेलं.

विठोजीराव पायरीवर बसले. "नीला, मी मॅनेजरला सांगून आलो. दारावरून काढलं मला."

"यांनी सांगितलं मला."

"हुं."

ती उभी होती. मग तिनं सूप ओढून घेतलं, पदर लावला आणि दोरा सोडला. आत पानं वाळून कुरकुरीत झाली होती. केळी काळी पडून तांदळाला चिकटलेली. वास दारापर्यंत आला.

विठोजीराव वाकून बघत होते. केळी, पानं, बांगड्यांची पुडी, सगळं जागच्या जागी. तोंडातून गेलंच त्यांच्या, "तू मधे उघडून नाही ना बघितलंस?"

नीलानं त्यांच्याकडं बघितलं. ओठ आवळले, डोळे भरले, आणि एकदम ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, की रडायला, मला सांगता येणार नाही. मग तिनं घडातलं सगळ्यात काळं केळं तोडून भावाच्या हातात ठेवलं.

"खा," ती म्हणाली.

त्यांनी आधी हुंगलं नाही. सोललं आणि खाल्लं.